मुंबईत एलएलबी करायचे असेल, तर सहा वर्षांचा हिशेब मांडा

तीन वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीत बरे गुण मिळाले, की कॅपचा, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा, पर्याय-अर्ज भरताना पहिल्या क्रमांकावर मुंबईचे महाविद्यालय टाकावेसे वाटते, आणि त्यात गैर काहीच नाही. 1855 पासूनचे शासकीय विधी महाविद्यालय तेथे आहे, उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ तेथे आहे, शिवाय सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांचे शुल्क मध्यम उत्पन्नाच्या घरालाही झेपते. मी शुल्क पाहिले, तीन वर्षांच्या राहण्याचा अंदाज बांधला आणि निघालो. तो अंदाज तीन वर्षांपुरता बरोबर ठरला. माझी चूक झाली ती पुढच्या वर्षांत.

शिकत असताना मी डोंबिवलीत कॉटवर राहत असे. सकाळचे वर्ग आटोपले की एका कर सल्लागाराच्या कार्यालयात नोकरीला जात असे, आणि त्या पगारात कॉटचे भाडे, लोकलचा पास व खाणावळ भागत असे. पुढेही असेच भागेल, असे मी धरून चाललो. परंतु सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेऊन वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. वकिलांचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 49 ने तशी मनाई आहे. हा नियम मी परीक्षेसाठी पाठ केला होता, तरी तो माझ्या राहण्याच्या खर्चाशी जोडून कधी पाहिला नाही. सनद मिळाली आणि नोकरी सोडावी लागली. ज्या सिनियर वकिलांकडे कनिष्ठ म्हणून लागलो, ते दरमहा सात हजार रुपये देत. मला किमान अकरा हजार लागत. ही तूट वडिलांनी दहा महिने भरून काढली. अकराव्या महिन्यात मी त्यांना फोन केला आणि गावी परत येतो, असे सांगितले.

म्हणून स्पष्ट सांगतो: पदवीपर्यंतचाच हिशेब मांडू नका. मुंबईचा खरा लाभ, म्हणजे उच्च न्यायालयातली कामे, मोठी चेंबर्स आणि ओळखी, सनदेनंतर तेथे टिकणाऱ्यालाच मिळतो. बार कौन्सिलने ऑक्टोबर 2024 मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत असे सुचवले, परंतु ती केवळ शिफारस आहे. तिच्या भरवशावर भाडेकरार करू नका. न्यायाधीश होण्याचा विचार असणाऱ्यांनी तर आणखी सावध राहावे, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या 20 मे 2025 च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. शिक्षणाची तीन आणि वकिलीची तीन, अशी सहा वर्षे कागदावर मांडली असती, तर मी वेगळा निर्णय घेतला असता.

हजेरी ‘मॅनेज’ होते, असे सांगणारे भेटतील. त्यांचे ऐकू नये. नियमाने प्रत्येक विषयात 70 टक्के हजेरी लागते, आणि न ऐकलेली व्याख्याने पुढे युक्तिवादात उणीव म्हणून दिसतात. सिनियर निवडतानाही नावाला भुलू नका. माझ्या मुंबईच्या सिनियरांचे नाव मोठे होते, पण त्या दहा महिन्यांत मी बहुतेक कोर्टात उभे राहून पुढच्या तारखाच मागून घेतल्या. जिल्हा न्यायालयात आल्यावर पहिल्याच आठवड्यात नव्या सिनियरांनी मला मनाई अर्जाचा, म्हणजे मनाई हुकूम मागण्याच्या अर्जाचा, मसुदा लिहायला बसवले, लाल शाईने जवळजवळ प्रत्येक ओळ दुरुस्त केली आणि तो चार वेळा पुन्हा लिहून घेतला. वकिली शिकायला माझी तेथेच सुरुवात झाली.

मुंबईला जाऊ नये, असे मी म्हणत नाही. रोखे बाजार, कंपनी कायदा किंवा लवाद यांत काम करायचे असेल, तर रोखे बाजाराची नियामक सेबी आणि रोखे अपील न्यायाधिकरण दोन्ही तेथेच आहेत, आणि त्यासाठी हाल सोसणे योग्य आहे. दिवाणी व फौजदारी खटले चालवायचे असतील, तर मात्र घराजवळ शिकल्याने काही बिघडत नाही. कनिष्ठ न्यायालयांत मराठीतून काम चालते, आणि उच्च न्यायालयाची खंडपीठे नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. कोल्हापूरचे सर्किट बेंच, म्हणजे उच्च न्यायालयाचे फिरते पीठही 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झाले आहे.

पर्याय-अर्ज भरण्याआधी त्या महाविद्यालयातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या आणि घरून मदत नसलेल्या एखाद्या वकिलाला गाठा. निकाल, ग्रंथालय, मूट कोर्ट (सरावाचे अभिरूप न्यायालय) यांची चौकशी नंतर करा. आधी विचारा, की सनद मिळाल्यानंतर ते कोठे राहिले आणि भाडे कोणी भरले.