लेखी युक्तिवादात नाटक आणताना

गोव्यात वकिली करणाऱ्याच्या अंगात थोडंफार नाटक असतंच. देवळाच्या उत्सवात गावकऱ्यांनीच उभं केलेलं मराठी नाटक बघत आपण वाढतो, आणि दिवसा कोर्टात तारखा घेणारी माणसं रात्री तोंडाला रंग लावून रंगमंचावर दिसतात. त्यामुळे लॉ कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला ज्युनियर पहिल्याच मसुद्यात शेक्सपियर नाही तर शिरवाडकर घालून आणतो, याचं मला नवल वाटत नाही. मी लाल पेन उचलण्याआधी एकच विचारते: हे वाक्य नाटकात कोण बोलतं आणि कशासाठी?

निम्मी वाक्यं इथेच गळतात. ‘आधी सगळ्या वकिलांना मारून टाकू’ हे शेक्सपियरचं वाक्य वकील स्वतःच हौसेने सांगतात. पण ‘सहावा हेन्री’च्या दुसऱ्या भागात ते बोलतो डिक नावाचा खाटीक, राज्य उलथवायला निघालेल्या जमावातला. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधल्या पोर्शियाचं दयेवरचं भाषण तर त्याहून धोक्याचं. तुम्ही ते आणलंत की समोरचा वकील शांतपणे उठेल आणि म्हणेल, खटला तिने दयेवर जिंकलाच नाही. करारात कर्जापोटी मांस लिहिलंय, रक्त नाही, असं शब्दावर बोट ठेवून जिंकला. शिवाय बाई वकील नव्हत्या, वेष पालटून आल्या होत्या आणि कर्ज काढलं होतं त्यांच्याच नवऱ्यासाठी! एवढं सगळं स्वतःच्या अशिलाच्या गळ्यात कशाला बांधायचं?

जागेचं भानही हवं. दाव्यात आणि कैफियतीत, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरात, नाटक नकोच. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ६, नियम २ प्रमाणे तिथे फक्त महत्त्वाची तथ्यं लिहायची, तीही थोडक्यात. प्रतिज्ञापत्रात तर अशील शपथेवर बोलत असतो, त्याच्या तोंडी हॅम्लेट शोभत नाही. उरतो लेखी युक्तिवाद. न्यायमूर्तींची गोष्ट वेगळी. ‘डेन्मार्कच्या राज्यात काहीतरी सडलंय’ हे हॅम्लेटमधलं वाक्य सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाबद्दल वापरलं आणि केवढं वादळ उठलं! ते न्यायासनावरून आलं होतं. आपण तसं लिहिलं तर काय होईल, ते सांगायला नको.

मग नाटक वाचायचं कशाला? मांडणी शिकायला. माझ्या मते फौजदारी काम करणाऱ्याने शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चा नववा अंक वाचलाच पाहिजे. देवलांनी ते मराठीत आणलं आहे, पण कोर्टाचा प्रसंग मूळ नाटकाच्या भाषांतरात सलग वाचावा. गरिबी आलेल्या चारुदत्तावर गणिका वसंतसेनेच्या खुनाचा आळ आहे. ती शेवटी त्याच्याकडे गेली होती असं तिची आईच सांगते, म्हणजे आपल्या भाषेत ‘लास्ट सीन’. बागेत बाईचं प्रेत दिसल्याचं नगररक्षक वीरक येऊन सांगतो. तेवढ्यात चारुदत्ताचा मित्र मैत्रेय याची फिर्यादी शकाराशी झटापट होते आणि मैत्रेयाच्या काखेतून वसंतसेनेचे दागिने खाली पडतात, म्हणजे ‘रिकव्हरी’. हेतू धनलोभाचा. साखळी कशी छान जुळली! आणि वसंतसेना जिवंत आहे.

आता त्यात भोकं शोधा. प्रेत तिचंच, हे कुणी ओळखलं? कुणीच नाही. दागिने आईला दाखवले तर ती म्हणते, तसेच दिसतात, पण ते हे नव्हेत. इथे बचावाला केवढी जागा होती. पण चारुदत्त स्वतःच कबूल करतो की दागिने तिचेच. आणि फिर्यादी शकार हा राजाचा मेहुणा, खटला ऐकायला आधी नकार मिळाल्यावर न्यायाधीशाला बदलायची धमकी देऊन बसलेला. शरद सारडा खटल्यात १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रं सांगितली. ती पाठ करण्यापेक्षा एकेक सूत्र या अंकाला लावून पाहा. कुठली कडी तुटते ते कागदावर लिहिता आलं की अपिलाचे मुद्दे लिहिता येतात. त्या अपिलात शूद्रकाचं नावसुद्धा येत नाही, आणि येऊही नये.

दिवाणीचं उदाहरण घरचंच. ‘नटसम्राट’ १९७० मध्ये रंगमंचावर आणलं ते धी गोवा हिंदू असोसिएशनने, त्यामुळे आपल्याकडे त्याबद्दल जरा जास्तच माया. म्हाताऱ्या आईबापांना मुलाने घराबाहेर काढल्याचं प्रकरण आलं की मसुद्याच्या माथ्यावर ‘कुणी घर देता का घर’ ठरलेलं. पण नाटकातले अप्पासाहेब बेळवलकर गोव्यात असते तर? वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर इथे नवराबायकोची मालमत्ता सामायिक. बायको कावेरीच्या संमतीशिवाय अप्पासाहेबांना घर देऊनच टाकता आलं नसतं. मुलांचा निम्मा हिस्सा कायद्यानेच राखीव, उरलेल्या निम्म्यापुरतीच मर्जी चालते. आणि ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याचं कलम २३ लावायचं, तर सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली होती हे दाखवावं लागतं. नाटकातला बाप सगळं देऊन मोकळा होतो. आपल्याला त्याने काय अट घातली, कुठे सही केली आणि कुणाची सही राहिली, हे शोधायचं असतं.

अशाच एका मॅटरमध्ये ज्युनियरने अख्खं पहिलं पान अप्पासाहेबांना दिलं होतं. मी म्हटलं, ठेव बाजूला, आधी दानपत्र आण. तिने दानपत्र उलटंसुलटं केलं, सह्यांच्या पानावर थांबली आणि विचारलं, “मॅडम, आईची सही कुठाय?” नव्या मसुद्यात पहिला मुद्दा तोच आला. पहिलं पान तिने स्वतःच काढून टाकलं.