हिशोब मिटवायला आलेल्या माणसाला तसंच जाऊ देऊ नका

जिंतूर तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. बी-बियाणं, खत, औषध. पिकावर फवारायच्या विषाला आमच्याकडं औषधच म्हणतात. मी डॉक्टर नाही. पण माणूस खचला की दवाखान्यात जायच्या आधी तो दुकानात येतो, पारावर बसतो, दूध डेअरीवर दिसतो. त्याला पहिल्यांदा पाहणारे आपणच असतो. म्हणून जे शिकलो ते सांगतो.

२०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीनं सोयाबीन पाण्यात गेलं. दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी नाना आले (आम्ही त्यांना वेगळ्याच नावानं हाक मारतो). वहीत त्यांची फुटकळ उधारी होती, ३४० रुपये. चार घड्या केलेल्या नोटा त्यांनी काउंटरवर ठेवल्या. "एवढं घ्या अन् माझं पान मिटवा." मग एक औषध मागितलं. वावरात उभं पीक नाही, तूर पिवळी पडून गेलेली. फवारणार कशावर?

त्याच आठवड्यात त्यांनी आपली गोऱ्ह्यांची जोडी भाच्याला देऊन टाकल्याचं कानावर आलं होतं. तेव्हा वाटलं, वैरण नाही म्हणून दिली असेल. सुट्ट्या गोष्टींचं तसंच असतं, एकेकटी पाहिली तर काही वाटत नाही. अशा गोष्टी एकत्र दिसल्या की थांबायचं. बारीकसारीक देणं फेडणं, जिवापाड जपलेली वस्तू देऊन टाकणं, "माझ्यामागं पोरीचं बघा", "आता सुटलो एकदाचा", "मी सगळ्याला ओझं झालो" असं बोलणं, रात्र-रात्र जागणं, एकाएकी दारू वाढणं. आणि महिनाभर घुसमटलेला माणूस अचानक शांत दिसायला लागला, तर बरं झालं म्हणून निर्धास्त होऊ नका. बायकांचं आपल्याला लवकर कळत नाही, त्या दुकानात येत नाहीत, पारावर बसत नाहीत. माहेरचा फोन उचलणं बंद झालं, लेकरांना मावशीकडं धाडलं, डोकं दुखतंय म्हणून दिवसभर अंथरुणात, हे शेजारणीला आणि आशाताईला आधी दिसतं. लातूरला नीटच्या क्लासला ठेवलेलं पोरगं "यावेळी दिवाळीला नाही येत" म्हणालं, तर फोनवर भागवू नका, जाऊन भेटा.

मी औषध दिलं नाही. "स्टॉक बघावा लागल, बसा जरा" म्हणालो आणि त्यांना आत गोदामात खताच्या पोत्यांवर बसवलं. पोराला काउंटर सांभाळायला सांगितलं, चहा मागवला, फोन सायलेंट केला. चार माणसांत कुणी मनातलं बोलत नाही. आणि समोर उभं राहून विचारू नका, शेजारी बसा. नाना पोत्याची शिवण नखानं उसवत होते. वीतभर दोरा निघाला तरी मी काही बोललो नाही. मग विचारलं, "नाना, सरळ इचारतो. जीव द्यायचं मनात येतंय का?"

हे वाक्य जिभेवर येत नाही, मला माहीत आहे. भीती वाटते की आपण विचारलं म्हणूनच त्याच्या डोक्यात येईल. तसं होत नाही. विचार आधीच असतो, आपण विचारलं की तो एकट्यानं वाहायचं थांबतं. "काही वेडंवाकडं तर करणार नाही ना?" असं मात्र विचारू नका, त्याचं उत्तर "नाही" हेच येतं. "जीव द्यायचा विचार येतो का?" एवढंच, हळू आवाजात.

नाना म्हणाले, "येतोय. आठ दिस झाले."

त्यानंतर आणखी तीन गोष्टी विचारायच्या. काही ठरवलंय का, कसं आणि कधी? जवळ काही आणून ठेवलंय का? याआधी कधी असं केलं होतं का? ठरवलंय, जवळ आहे, आज-उद्याचंच आहे, असं उत्तर आलं तर त्या माणसाला एक मिनिटही एकटं सोडायचं नाही. लघवीला गेला तरी दाराबाहेर उभं राहायचं.

मग ऐकायचं. मला हेच सगळ्यात जड गेलं. २०१५ च्या दुष्काळात माझ्याच दुकानाच्या पायरीवर एक तरणा गडी बसला होता. "आता काही खरं नाही" म्हणाला. मी त्याला म्हणालो, "लेका, मर्दासारखा मर्द तू, बायका-लेकरांकडं बघ की. तुझ्याहून वाईट दिस काढलेत लोकांनी." तो हसला, बिडी पेटवून निघून गेला. चार दिवसांनी कळलं. मी बोललो म्हणून तो गेला असं कुणी म्हणत नाही, डॉक्टरांनीही नंतर मला समजावलं की एका कारणानं कुणी जात नाही. पण त्याला बोलायचं होतं आणि मी त्याचं तोंड बंद केलं, हे माझ्या मनातून जात नाही. लेकरांची शपथ, देवाची भीती, दुसऱ्याच्या दुःखाशी तुलना, कर्जमाफीचं आश्वासन, यातलं काहीही नको. माणूस आधीच स्वतःला दोष देत असतो, त्यात आपण भर घालतो. "लई झालंय तुम्हाला. सांगा, मी इथंच हाय," एवढं पुरतं. तो गप्प राहिला तर आपणही गप्प राहायचं. रडला तर रडू द्यायचं.

नानांनी बँकेचं सांगितलं, सावकाराचं सांगितलं, आणि शेवटी जे सांगितलं ते पैशाचं नव्हतंच. पोरीचं लग्न मोडलं होतं आणि भावकीत त्यांना कुणी बोलावत नव्हतं. ते इथं फोडून लिहीत नाही.

ते म्हणाले, "कुणाला सांगू नका." अशी शपथ घेऊ नका. मी म्हणालो, "गावात नाही सांगत. पण तुमचा जीव राखायला एका-दोघाला सांगावं लागल. कुणाला सांगू ते तुम्हीच ठरवा." त्यांनी धाकट्या भावाचं नाव घेतलं. त्याला मी त्यांच्यासमोरच फोन लावला.

भाऊ येईपर्यंत १४४१६ लावला. ही टेलिमानस, सरकारची हेल्पलाइन. २०२२ च्या ऑक्टोबरपासून आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर लागला नाही तर १८००-८९१-४४१६. मी स्पीकर लावून आधी स्वतः सांगितलं, "माझ्याजवळ एक जण आहेत, जीव द्यायचं बोलतायत, मी सोबत आहे." मग फोन नानांच्या हातात दिला आणि दोन पोती पलीकडं सरकलो. कापूस वेचायला लावावं तसं बळंच कुणाला फोनवर बोलवू नये. नको म्हणाले असते तर मीच बोलून पुढं काय करायचं ते विचारलं असतं.

आता औषधाचं बोलतो. दुकानदार म्हणून याबद्दल मला सगळ्यात कळकळ आहे. मरायची लाट येते, चढते आणि ओसरते. पुष्कळ जणांची ती काही मिनिटांची, काही तासांची असते. त्या वेळात हाताशी विष नसलं तर माणूस वाचतो, आणि वाचलेले बहुतेक जण पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. श्रीलंकेत १९९० च्या दशकात अतिजहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली. पुढच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं, आणि पिकंही बुडाली नाहीत. आपल्याकडं डबे माळ्यावर, ज्वारीच्या कणगीमागं, पलंगाखाली असतात. त्या संध्याकाळी नानांच्या भावानं घरातले चारही डबे उचलून आपल्या आखाड्यावर नेले, पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावलं आणि किल्ली बायकोच्या कमरेला दिली. अर्धवट उरलेले, गेल्या सालचेही डबे नेले. घरात जे जे धोक्याचं वाटेल ते तसंच हलवायचं. न सांगता चोरून नेऊ नका. "थोडे दिस माझ्याकडं ठेवतो" असं तोंडावर सांगा, नाना स्वतःच काढून देत होते.

माझ्या धंद्यातल्या भावांनो, पीक कोणतं, कीड कोणती, किती एकर, हे विचारल्याशिवाय औषध देऊ नका. पिऊन आलेल्याला नाही, लेकराच्या हाती नाही. एक गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आणि कुणी काही घेतलंच असेल, तर वेळ घालवू नका. १०८ ला फोन, नाहीतर मिळेल त्या गाडीनं दवाखाना. मिठाचं पाणी, ताक, तेल पाजू नका, उलटी काढू नका. शुद्ध नसेल तर कुशीवर झोपवा. कपड्यावर सांडलं असेल तर हाताला पिशवी गुंडाळून कपडे काढा, अंग धुवा. डबा सोबत न्या, डॉक्टरला तो लागतो. "आता बरं वाटतंय" म्हणाला तरी घरी ठेवू नका.

लोक केसला भितात, म्हणून दवाखाना लांबवतात. दवाखाना पोलिसांना कळवतो, जबाब होतो, ती रीत आहे. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याच्यावर खटला भरत नाहीत, उलट त्याला उपचार देणं सरकारचं काम ठरवलंय. हे गावात मोठ्यानं सांगा.

दुसऱ्या दिवशी आम्ही नानांना परभणीच्या जिल्हा रुग्णालयात नेलं. मनोविकारतज्ज्ञांकडं गेल्यावर भाऊ बाहेर थांबला, ते बरं झालं, नाना एकटे मोकळे बोलले. गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, तोवर सोबत लागते. आम्ही पाळी लावली. सकाळी भाऊ, दुपारी मी, रात्री साडू. बँकेत दोघं बरोबर गेलो, कारण एकट्या माणसाला साहेबाच्या टेबलापुढं फार लहान वाटतं. आठव्या दिवशी, पंधराव्या दिवशी, महिन्यानं मी पुन्हा तोच प्रश्न विचारला, "इचार येतो का अजून?" एकदा म्हणाले, "परवा आला होता, मग तुम्हाला फोन लावला अन् तुम्ही उचलला." मला आठवतंय, त्या दिवशी ते नुसतं पाऊस-पाणी बोलले होते.

नाना आले त्या रात्री मला जेवण गेलं नाही, तो २०१५ चा गडी डोळ्यांपुढून हटेना. बायकोला सगळं सांगितलं. मग मी माझ्यासाठी १४४१६ लावला. सोबत करणाऱ्यालाही तिथं बोलता येतं, पलीकडच्या ताईंनी वीस मिनिटं ऐकलं.