महाभारतातलं लग्न कुठल्या प्रकारचं, हे कसं ओळखायचं

महाभारत बघताना किंवा वाचताना "हे गांधर्व की राक्षस?" असा वाद हमखास होतो, म्हणून मी वापरतो ती पद्धत सांगतो. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात 8 प्रकार दिलेत, ब्राह्म, दैव, आर्ष, प्राजापत्य, आसुर, गांधर्व, राक्षस, पैशाच. पण पाठ करत बसू नका, आपल्याला काही पेपर द्यायचा नाहीये.

आधी बघा मुलगी दिली कोणी. बापाने चांगल्या वराला स्वतःहून बोलावून, मुलीला दागिने घालून दिली तर ब्राह्म, यज्ञ चालू असताना तिथल्या ऋत्विजाला (यज्ञ करणाऱ्या पुरोहिताला) दिली तर दैव, "दोघं मिळून धर्म आचरा" असं सांगून दिली तर प्राजापत्य. यात फरक बारीक आहे, फार डोकं लावू नका.

मग देणंघेणं बघा. वराकडून गाय-बैलाची एखाददुसरी जोडी घेतली की आर्ष, आणि चांगलं घसघशीत धन घेतलं की आसुर. माद्रीचंच घ्या ना, भीष्म पंडूसाठी मागणी घालायला गेले तर तिचा भाऊ शल्य म्हणाला आमच्या कुळात कन्याशुल्क घ्यायची रीत आहे, मग भीष्मांनी सोनं, रत्नं, हत्ती, घोडे सगळं दिलं आणि माद्री हस्तिनापूरला आली. हुंड्याच्या बरोबर उलटं! नाव आसुर, पण राजघराण्यात बिनदिक्कत चालायचं.

बाप चित्रातच नाही आणि दोघांची मर्जी आहे, तर गांधर्व. तिला वाढवणारे कण्व ऋषी आश्रमात नसताना शकुंतला-दुष्यंताचं झालं तसं. झोपलेल्या किंवा शुद्धीत नसलेल्या मुलीवर जबरदस्ती म्हणजे पैशाच, त्याला मनूही सगळ्यात पापी म्हणतो.

खरी गोची राक्षसमध्ये आहे. पळवली म्हणजे राक्षस, एवढ्यावर थांबू नका, मुलीच्या मनात काय होतं ते शोधा. काशीच्या अंबा, अंबिका, अंबालिका भीष्मांनी भर स्वयंवरातून उचलल्या आणि अंबेने तर मनाने आधीच शाल्व राजाला वरलेलं. तिला परत पाठवली तर शाल्वाने नाकारली, झालं, बिचारी ना इकडची ना तिकडची. उलट रुक्मिणीचं भावाने शिशुपालाशी ठरवलं तेव्हा तिने स्वतः ब्राह्मणाकरवी कृष्णाला निरोप धाडला, लग्नाच्या आदल्या दिवशी मी अंबिकेच्या देवळात जाते, तिथून ने. (तिचं माहेर म्हणजे वर्धेकाठचं आपलं कौंडिण्यपूर, अमरावती जिल्ह्यातलं.) क्षत्रियांसाठी गांधर्व आणि राक्षसची सरमिसळ मनूलाही चालते, त्यामुळे रुक्मिणी मी बिनधास्त त्या मिश्र खान्यात टाकतो.

आता स्वयंवर. ते या 8 मध्ये नाहीच, आणि शब्द दिसला म्हणून मुलीनेच निवडलं असंही धरू नका. सीता, द्रौपदीच्या वेळी अट लावलेली, जो धनुष्य पेलेल त्याला मुलगी. खरी निवड दमयंतीची, समोर नळराजाच्या रूपात 5 जण उभे, त्यातले 4 देव, आणि तिने घाम, पापण्या, कोमेजलेली माळ, सावली बघून आपला नळ बरोबर हुडकला.

सुभद्रेवर मात्र अजून भांडणं होतात. स्वयंवरात ती कोणाला निवडेल काय सांगावं, त्यापेक्षा पळवून ने, हा सल्ला अर्जुनाला खुद्द कृष्णाने दिला. मी ते राक्षसमध्येच धरतो, कारण भाऊ सामील होता हे खरं, पण तिला कोणी विचारल्याचं आदिपर्वात दिसत नाही.