पिकअपची दारं कुरकुरतात? रबराच्या बाबतीत या चुका टाळा

दहा-बारा वर्षं माल वाहिलेल्या पिकअपची दारं खड्ड्यात कुंई कुंई करू लागली की मालकाचा पहिला हात जातो तो ऑइलच्या डब्याकडे. कोपरखैरणेला माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत हे इतक्यांदा पाहिलंय की दार उघडल्याबरोबर वासावरूनच कळतं. कृपा करून हे थांबवा.

आवाज येतो कसा, ते आधी समजून घ्या. पिकअपची केबिन चासीवर रबरी माउंटवर बसवलेली असते. एक चाक खड्ड्यात गेलं की चासी पिळवटते, तिच्याबरोबर केबिनही थोडी पिळते आणि दाराची चौकट क्षणभर तिरकी होते. दार बिजागऱ्या आणि लॉकने धरून ठेवलेलं असतं. दार आणि चौकट यांच्या मधलं रबर रंगाला चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं, आणि ते सुटणं म्हणजेच तो आवाज. गाडी रिकामी असताना तो वाढतो, कारण मालाच्या वजनासाठी बसवलेले पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, रिकाम्या गाडीला जास्त आदळतात.

ऑइल लावणे

दाराचं रबर बहुतेक गाड्यांत ईपीडीएम जातीचं असतं. ऊन, पाऊस, हवेतला ओझोन हे सगळं ते वर्षानुवर्षं सोसतं, पण पेट्रोलियमच्या तेलापुढे टिकत नाही. इंजिन ऑइल, ग्रीस, डिझेल, रॉकेल, गंजलेले नट सोडवायचा स्प्रे ही सगळी एकाच घरची मंडळी. तेल रबरात मुरतं, रबर फुगतं आणि मऊ पडतं. फुगलेल्या रबराला खाचेत जागा उरत नाही, मग ते बाहेर येतं.

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमधून भिवंडीला माल नेणारा एक मुलगा आहे. गाडी त्याच्या मामाची. चहाच्या टपरीवर कोणीतरी सांगितलं म्हणून त्याने इंजिनमधून काढलेलं काळं ऑइल फडक्याने दोन्ही दारांच्या रबराला चोपडलं. आवाज लगेच बंद झाला, म्हणून त्याने आणखी एक हात फिरवला. जून उजाडेपर्यंत ड्रायव्हर बाजूचं रबर वरच्या कोपऱ्यात चुणी पडून खाचेबाहेर लोंबत होतं. त्यावर कांद्याची सालं आणि माती यांचा असा थर बसला होता की दार उघडताना चर्र असा आवाज यायचा. घाईत दार आपटलं, लोंबलेला भाग लॉकमध्ये सापडला आणि फाटला. मग पावसाचं पाणी पिलरच्या, म्हणजे केबिनच्या खांबाच्या, आतून उतरत थेट डॅशबोर्डखालच्या फ्यूजबॉक्सवर. ठाणे-बेलापूर रोडवर, महापेच्या अलीकडे, मुसळधार पावसात वायपर बंद. त्याचा फोन आला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. ‘काका, समोरचं काहीच दिसत नाहीये,’ एवढंच म्हणत होता. मी त्याला गाडी कडेला घेऊन चारही इंडिकेटर लावायला सांगितलं. तो सुखरूप राहिला, हे महत्त्वाचं. पण म्हणूनच दाराच्या आवाजाला कोणी किरकोळ म्हटलं की मला राग येतो.

माझी पद्धत अगदी साधी आहे. शाम्पूचे चार थेंब टाकलेल्या पाण्याने रबर पुसायचं, खाचेत बोट घालून पुसायचं, आणि रबर जिथे टेकतं तो रंगाचा पट्टाही पुसायचा. हा पट्टा सगळे विसरतात. दोन्ही पूर्ण कोरडं होऊ द्यायचं. मग सिलिकॉन स्प्रे फडक्यावर मारायचा आणि फडकं रबरावरून फिरवायचं. थेट दारावर मारला तर फवारा काचेवर आणि स्टिअरिंगवर बसतो. दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने उरलेलं पुसून टाकायचं. हात फिरवल्यावर रबर गुळगुळीत लागलं पाहिजे, ओलं नाही. डब्यावर नुसतं सिलिकॉन लिहिलेलं पाहून घेऊ नका. काही स्प्रेत पेट्रोलियमचं द्रावक मिसळलेलं असतं. रबराला चालतो असं स्पष्ट लिहिलेला घ्या. खोबरेल लावणारेही भेटतात. ते धूळ धरून ठेवतं, म्हणून नको.

दार लटकलेलं असताना रबर बदलणे

ही दुसरी चूक पैशाच्या हिशोबात पहिलीपेक्षा महाग पडते. पिकअपमध्ये चढताना ड्रायव्हर आणि हमाल दाराला धरून अंग वर ओढतात. रोज, दिवसातून कितीतरी वेळा. बिजागरीची पिन आणि बुश (पिनभोवतीची नळी) झिजतात, दार मागच्या बाजूने खाली येतं. मग रबर वर सैल आणि खाली घट्ट दाबलं जातं. खालचा भाग घासून ओरडतो, वरून वारा शिट्टी घालतो आणि मालकाला वाटतं रबर गेलं.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात चालणारी एक गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिला दुसऱ्यांदा नवं रबर घातलेलं होतं. ते घालणाऱ्या गॅरेजवाल्याने एकदाही दार उचलून बघितलं नव्हतं. मी दार वीतभर उघडलं, हँडलखाली हात घालून वर उचललं, तर वरची बिजागरी डोळ्यांना दिसेल इतकी हलली. पिन-बुश बदलले, लॉकचा स्ट्रायकर, म्हणजे चौकटीवरचा ज्यात लॉक अडकतं तो भाग, जागेवर आणला आणि तेच रबर गप्प झालं. मालक भला माणूस होता. दोन वेळचा खर्च फुकट गेल्याचं ऐकून नुसता बघत राहिला. गिऱ्हाइकाचे पैसे असे उडवणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो.

म्हणून रबर विकत घ्यायच्या आधी एवढं करा. दार उचलून बिजागरी बघा. दार हळू लावताना लॉक स्ट्रायकरवर चढून दार वर उचललं जात असेल, तर दार लटकलंय. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा, असं चारही बाजूंनी. ती थोड्या जोराने सरकत यावी. अलगद निघाली तर तिथे फट आहे, फाटली तर तिथे दाब जास्त आहे. स्ट्रायकर हलवायचा तर आधी त्याच्याभोवती पेन्सिलने रेघ मारा, आणि एका वेळी मिलिमीटरभरच सरकवा. नवशिके इथे हटकून घाई करतात: स्क्रू सैल सोडतात, निशाणी नसते, आणि मग दिवसभर दार लागत नाही.

आणखी एक खात्री. रबरावर सगळीकडे मास्किंग टेप लावून गाडी स्पीडब्रेकरवरून न्या. आवाज बंद झाला तर रबरच. टेप लावूनही आला तर केबिनचे माउंट, पाटे, सीटची पट्टी हे तपासा.

बाकीच्या चुका

फाटलेलं रबर सुपर ग्लूने चिकटवू नका. तो सांधा काचेसारखा कडक होतो आणि दार आपटताच तडकतो. रबरासाठीचा कॉन्टॅक्ट गोंद वापरा.

रबराखाली सायकलची ट्यूब किंवा फोमची पट्टी सारणं तर नकोच. पाणी साठतं आणि पत्रा सडतो.

नवं रबर ओढून ताणून बसवू नका. ताणलेलं रबर पुढे आक्रसतं आणि सांध्यात फट पडते. सांधा खाली, उंबऱ्याकडे येऊ द्या आणि तिथून सुरुवात करून तळहाताने ठोकत चला. लोखंडी हातोडी मारली तर आतली पत्र्याची पट्टी वाकते आणि पकड जाते. ज्या पत्र्याच्या कडेवर रबर बसतं तिथला गंज आधी घासून रंगाचा हात द्या. खाडीच्या हवेत उघडा पत्रा एक पावसाळाही काढत नाही.

अंगठ्याने दाबून सोडल्यावर रबर वर येत नसेल तर ते कायमचं चेपलंय. त्याला कोणताही स्प्रे वाचवणार नाही.

दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायला भोकं असतात. कांद्याची सालं, धान्याचा भुसा, चिखल यांनी ती बुजतात. तार घालून मोकळी करा. पाणी येतं म्हणून तीच भोकं सीलंटने बुजवणारे महाभाग मी पाहिलेत. अशा दाराचा तळ आतून गंजतो.

गाडी डेंटिंग-पेंटिंगला द्यायची असेल तर त्याआधी सिलिकॉन अजिबात लावू नका. त्याचा अंश पत्र्यावर राहिला तर नव्या रंगाला बारीक गोल खड्डे पडतात.

नवं रबर घातल्यावर पहिले काही दिवस दार जड लागतं. लगेच ब्लेड काढून रबर तासू नका. दार आपटायच्या आधी काच दोन बोटं खाली घ्या, म्हणजे आतली हवा निघून जाते, आणि रात्री गाडी उभी करताना दार पूर्ण लॉकवर गेलंय ना ते बघा. रबर हळूहळू आपली जागा घेतं. पंधरवड्यानंतरही जोर लावावा लागत असेल तर रबर जाडीला चुकलंय. दुकानात जुन्याचा तुकडा नेऊन, कापलेलं तोंड तोंडाला लावून, दुसरं आणा.