व्हिएतनामला निघालात? समुद्रासाठी पैसे मोजण्याआधी

जून उजाडला की आमच्या देवबाग-तारकर्लीच्या पट्ट्यात होड्या वर ओढल्या जातात, स्कूबावाले घरी बसतात आणि पाहुण्यांच्या खोल्यांच्या चाव्या खिळ्यावर लटकतात. हल्ली याच दिवसांत गावातली काही कुटुंबं व्हिएतनामला जाऊन येतात. मीही जाऊन आले. आमचं घरगुती निवासाचं काम, म्हणून निघायच्या आधी जो तो मलाच विचारतो, रिसॉर्ट घेऊ की गावातलं लहान हॉटेल? माझं उत्तर ठरलेलं आहे. समुद्र आपल्या मागच्या दारी आहे, त्यासाठी परदेशात जाऊन जादा पैसे मोजू नका. मोजायचेच तर गल्लीसाठी, बाजारासाठी मोजा. याला अपवाद आहेत, ते पुढे येतीलच.

खोली बघायच्या आधी पाऊस बघा. व्हिएतनाम नकाशावर उभा लांबट देश आहे, त्याच्या सगळ्या किनाऱ्यावर एकाच वेळी पाऊस नसतो. आपल्याकडे नैर्ऋत्य मान्सून सह्याद्रीला अडतो आणि सगळं पाणी आपल्या कौलांवर पडतं. तिथे मध्य व्हिएतनामच्या पश्चिमेला त्रुओंग सोन ही डोंगररांग आहे. तोच वारा तिच्या पलीकडे, लाओसच्या अंगाला पाऊस टाकतो आणि अलीकडे दा नांग शहर आणि त्याच्याजवळचं होई आन हे गाव, या भागात जून ते ऑगस्ट कोरडं, चांगलंच तापलेलं हवामान असतं. थोडक्यात, ते लोक तेव्हा माण-खटावच्या बाजूला असतात. आपला धंदा बंद असतो नेमका तेव्हाच तिकडचा समुद्र पोहण्याजोगा असतो, ही आपली चैन.

दिवाळीच्या सुट्टीचा हिशेब मात्र उलटा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येचा वारा समुद्रावरून पाऊस आणतो, वादळंही त्याच सुमारास. होई आनमधून थु बोन नदी वाहते आणि या दिवसांत ती अनेकदा रस्त्यावर येते. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीला जुन्या गावातल्या रस्त्यांवर होड्या चालल्या होत्या. त्या मोसमात तिथलं समुद्रकाठचं रिसॉर्ट निम्म्या दरात दिसलं तर भुलू नका. आपणही जुलैत खोल्या निम्म्या दराने देतो, ते का ते आपल्याला ठाऊक आहे. न्हा ट्रांग या किनारी शहरातही ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊसच. फु क्वोक हे बेट थायलंडच्या आखातात आहे, तिथला पाऊस आपल्यासारखा, मे ते ऑक्टोबर. तिकडे जायचं तर डिसेंबर ते मार्च, म्हणजे नेमका आपला सीझन. धंदा सोडून जाता येत असेल तर जा.

आता ‘सी व्ह्यू’. या दोन शब्दांसाठी दर रात्री हजार-दोन हजार सहज वाढतात. पण व्हिएतनामचा मुख्य किनारा बहुतेक पूर्वेकडे तोंड करून आहे. सूर्य तिथे समुद्रातून वर येतो आणि मावळतो हॉटेलच्या पाठीमागे, पार्किंगच्या बाजूला. संध्याकाळी बाल्कनीत चहा घेऊन बसायच्या कल्पनेने ती खोली घेतलीत तर समोर नुसतं करडं पाणी. जूनमध्ये तिथे सव्वापाचच्या सुमारास उजाडतं. त्या वेळेला उठणारे असाल तर खुशाल घ्या. सूर्यास्तच हवा असेल तर फु क्वोकचा पश्चिम किनारा, तिथला लाँग बीच, हा अपवाद आहे, आणि तिथे मी स्वतः समुद्राकडची खोली घेईन.

दा नांगचा ‘मी खे’ नावाचा किनारा सगळ्यांसाठी खुला आहे. वाळू, मग रस्ता, आणि रस्त्याच्या पलीकडे लहान-मोठ्या हॉटेलांची रांग. मागच्या गल्लीतल्या हॉटेलात राहून टॉवेल खांद्यावर टाकून रस्ता ओलांडलात की तोच समुद्र, तेच पाणी, आणि जीवरक्षकही असतात.

होई आनजवळच्या कुआ दाय किनाऱ्याचं दुखणं देवबागच्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. नदीच्या मुखाजवळचा किनारा, २०१४ च्या आसपास समुद्राने वाळू झपाट्याने खाल्ली, रिसॉर्टांसमोर वाळूच्या गोण्या आणि बंधारे आले. जाहिरातीत ‘बीचफ्रंट’ असतं, ते खोटं नसतं, समोर पाणी असतंच. वाळू असेल असं कुणी लिहिलेलं नसतं. म्हणून हॉटेलने टाकलेले फोटो बाजूला ठेवा, पाहुण्यांनी गेल्या दोन-तीन महिन्यांत टाकलेले बघा, आणि सरळ मेसेज करून विचारा की भरतीच्या वेळी वाळू किती उरते. उत्तर गोलमोल आलं तर पुढचं हॉटेल बघा.

लहान हॉटेल निवडताना मी काय बघते ते सांगते, कारण समोरच्या बाजूला मी रोज असते. दहापैकी दहा देणारे शेरे मी वाचत नाही. मधले वाचते, सहा-सातवाले, आणि त्याखाली मालकाने काय उत्तर दिलंय ते. ‘गीझर चालत नव्हता’ या तक्रारीवर ‘दुसऱ्या दिवशी बदलला’ असं लिहिणारा माणूस घर सांभाळतो. पाहुण्याशीच भांडणारा असेल तर तिथे राहू नये, नाश्ता कितीही चांगला असो.

मग खिडकी. व्हिएतनामी शहरांतली घरं अरुंद तोंडाची आणि खूप खोल असतात, त्यामुळे हनोई किंवा हो ची मिन्ह सिटीतल्या स्वस्त हॉटेलांत मधल्या खोल्यांना बाहेर उघडणारी खिडकीच नसते. आपल्याला पडवीत झोपायची सवय, तिथे जीव गुदमरतो. खोलीच्या वर्णनात खिडकीचा उल्लेख नसेल तर नाही असंच धरा. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरची खोली असेल तर लिफ्ट विचारा. अशा जागी गीझर, एसी असतोच, लिफ्ट असेलच असं नाही.

जागेचं म्हणाल तर होई आनमध्ये अगदी जुन्या गावात राहायचा हट्ट नको. १९९९ पासून जागतिक वारशात असलेल्या त्या भागात दिवसाचा बराच वेळ गाड्यांना बंदी असते, बॅगा ओढत न्याव्या लागतात. गावापासून एखादा किलोमीटर बाहेर, भातशेतीच्या बाजूला कुटुंबांनी चालवलेली लहान हॉटेलं आहेत. साधारण दोन ते साडेतीन हजार रुपयांत स्वच्छ खोली, नाश्ता आणि बहुतेक ठिकाणी फुकट सायकल मिळते. जुनं गाव एका बाजूला, आन बांग किनारा दुसऱ्या बाजूला चार-पाच किलोमीटरवर, रस्ता सपाट. वाळूजवळ झोपायचंच असेल तर आन बांगच्या गल्ल्यांत घरगुती खोल्या आहेत, आपल्या तारकर्लीसारख्याच. पत्ता मात्र नकाशावर तपासा. १ जुलै २०२५ पासून होई आनचा अख्खा प्रांत दा नांगमध्ये विलीन झालाय, त्यामुळे ‘दा नांग’ असं दिसणारं हॉटेल प्रत्यक्षात तीस किलोमीटर लांब निघू शकतं.

रिसॉर्ट कुणी घ्यावं? गुडघे दुखणारे सासू-सासरे बरोबर असतील, लहान मुलं असतील, तर घ्यावं. जिने नाहीत, पोहायचा तलाव समोर दिसतो, नाश्त्याला प्रत्येकाला खाण्याजोगं काहीतरी सापडतं. आणि आमच्या वयनीसारखी असेल तर नक्की घ्यावं. ती स्पष्ट म्हणाली, “गो, माका चार दिवस कोणाक चाय करून घालूची नाय आसा. माका रिसॉर्टच होया.” वर्षभर दुसऱ्यांच्या चादरी बदलणाऱ्या बाईला हे म्हणायचा पूर्ण हक्क आहे.

फक्त हिशेब पूर्ण करा. मोठ्या रिसॉर्टच्या दरापुढे कधीकधी अधिकची दोन चिन्हं असतात, म्हणजे सेवाशुल्क आणि कर वरून. दा नांग ते होई आनच्या मधल्या रिसॉर्टांतून पायी जाऊन जेवण्यासारखं फारसं काही नसतं, प्रत्येक वेळी ग्रॅब या अ‍ॅपवरून बोलावलेली गाडी तरी नाहीतर आतल्याच दराने जेवण. खोलीचं भाडं, गाड्या आणि रात्रीची जेवणं एकत्र मांडून मगच दोन्हींची तुलना करा.

जेवणाची आपल्याला तशी काळजी नाही, भात आणि मासे दोन्ही आहेत. पण शाकाहारी माणसाने लक्षात ठेवावं की माशाचा अर्क जवळपास सगळ्यात असतो, भाजीतसुद्धा. ‘चाय’ लिहिलेली पाटी शोधा, ते शाकाहारी जेवण. (वयनीची चाय वेगळी.) पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास तिथले बरेच बौद्ध लोक शाकाहार पाळतात, त्यामुळे तेव्हा अशी जेवणं सोपी मिळतात. होई आनला चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री विजेचे दिवे मालवून कंदील लावतात. ती साधारण पौर्णिमेच्या आदल्या दिवशी येते, पण आपल्या कालनिर्णयाशी एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, म्हणून नेमकी तारीख हॉटेलला विचारा. त्या रात्री गर्दी असते, खोली आधीच धरून ठेवा.

पैशांचं थोडक्यात. एका रुपयाला तीनशेच्या आसपास डोंग. वीस हजाराची आणि पाच लाखांची, दोन्ही नोटा निळ्या आहेत, वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा. ई-व्हिसा एका प्रवेशासाठी २५ डॉलर, सरकारी संकेतस्थळावरच भरा. हॉटेलवाल्याने पासपोर्ट मागितला तर दचकू नका, पाहुण्याची नोंद पोलिसांकडे त्याला करावी लागते. आपण परदेशी पाहुण्यासाठी सी फॉर्म भरतो तेच.

दोन्ही हवं असेल तर आधी गाव, मग किनारा, असा क्रम ठेवा. सुरुवातीचे दिवस होई आनच्या लहान हॉटेलात, शेवटची रात्र ‘मी खे’ किनाऱ्याजवळ. परतीचं विमान रात्रीचं असेल तर अर्ध्या दिवसाचं भाडं किती ते खोली घेतानाच विचारा. दुपारी पोहून, आंघोळ करून, ओले कपडे गच्चीवर वाळवून निघालात तरी विमानतळ पंधरा-वीस मिनिटांवर आहे.