एलए शाबूत, कॉइल खलास

डिप्लोमानंतर बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ट्रेनी लागलो. मे महिना, शेडमध्ये भट्टी पेटल्यासारखं ऊन. नवा ११ केव्हीचा, १००० केव्हीएचा ड्राय टाइप (तेलाऐवजी इपॉक्सीत ओतलेल्या कॉइलचा) ट्रान्सफॉर्मर चार्ज करायचा होता. व्हीसीबी (व्हॅक्यूममध्ये करंट तोडणारा ब्रेकर) ऑन केला, इनरशने (चार्ज होताना क्षणभर उसळणाऱ्या करंटने) रिले, म्हणजे ब्रेकरला तोडायचा हुकूम देणारं उपकरण, लगेच ट्रिप. पुन्हा ऑन, पुन्हा ट्रिप. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा बटणाकडे हात नेला तेव्हा मागून तिथले अनुभवी काका ओरडले, "काहून रे पोरा, कितव्यांदा ऑन करून राहिला?" तोवर मी बटण दाबलं होतं. या वेळी ट्रिपबरोबर फटाका फुटल्यासारखा आवाज आला आणि जळक्या इपॉक्सीचा वास सुटला.

बी फेजच्या कॉइलवर, वरच्या लाइन लीडपाशी (११ केव्हीची जोडणी येते तिथे), बोटभर काळी चीर होती. बाकी कॉइल कोरी करकरीत. एलए (लाइटनिंग अरेस्टर, जादा व्होल्टेज छाटणारं उपकरण) शाबूत. सगळे म्हणाले, माल खराब. मीही मान हलवली, सोयीचंच होतं ते.

गणित काकांनी चहाच्या टपरीवर, सिगारेटच्या पाकिटावर मांडलं. व्हॅक्यूममध्ये आर्क इतका पटकन विझतो की करंट शून्यावर यायच्या आधीच तुटतो. आजकालच्या कॉपर-क्रोमियम कॉन्टॅक्टलाही हा चॉपिंग करंट, म्हणजे तो तुटतो ती पातळी, काही अँपिअर असतो. आपल्या ट्रान्सफॉर्मरचा नो-लोड (भार नसतानाचा) करंट अर्धा अँपिअर धरला, तर तो अख्खाच कापला जाणार. कोअरमधली ऊर्जा मग कपॅसिटन्समध्ये शिरते. व्होल्टेज म्हणजे करंटचा पीक गुणिले (एल भागिले सी)चं वर्गमूळ; एल म्हणजे इंडक्टन्स, सी म्हणजे कपॅसिटन्स. एल सुमारे ४० हेन्री. आमची केबल जेमतेम २० मीटर, म्हणजे विंडिंग धरून १० नॅनोफॅरड. अर्ध्या अँपिअरचा पीक ०.७ धरून उत्तर येतं पंचेचाळीसेक किलोव्होल्ट, जिथे नेहमीचा फेज पीक ९ आहे. केबल २०० मीटर असती तर हाच आकडा निम्म्याच्याही खाली आला असता. कोअरचे लॉसेस धरले तर प्रत्यक्षात कमीच भरतो, पण अंदाज येतो.

मी विचारलं, बीआयएल (विजेच्या झटक्यासारखी लाट सोसायची क्षमता) तर ७५ केव्ही आहे ना? काका हसले. ती टेस्ट १.२ मायक्रोसेकंदांत चढणाऱ्या लाटेची. इनरश तोडताना करंट मोठा आणि निव्वळ इंडक्टिव्ह असतो. कॉन्टॅक्ट अजून पुरते लांब गेलेले नसतात, तेवढ्यात गॅप पुन्हा पुन्हा पेटतो. दर वेळी मायक्रोसेकंदाच्याही अंशात चढणारी लाट येते आणि तिचा सगळा भार पहिल्या काही वेढ्यांवर पडतो. एलए उंची छाटतो, चढ नाही. चीर लाइन लीडपाशीच का, ते तेव्हा डोक्यात शिरलं.

नव्या पोरांनो, रिले इनरशवर ट्रिप झाला तर पुन्हा बटण दाबू नका. आधी रिलेचं इन्स्टंटेनियस (ताबडतोब ट्रिपचं) सेटिंग आणि सेकंड हार्मोनिक ब्लॉकिंग (इनरश ओळखून ट्रिप रोखणारी सोय) बघा. ड्राय टाइप, आखूड केबल आणि व्हीसीबी असं त्रिकूट दिसलं की आरसी स्नबर (लाटेचा चढ बोथट करणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) आहे का विचारा: साधारण पाव मायक्रोफॅरड, सोबत काही दहा ओहम, ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलपाशी. खरेदी खातं "एलए आहे की" म्हणेल. म्हणू द्या, आपण लेखी मागायचं.

आमच्याकडे दुसरा ट्रान्सफॉर्मर स्नबरसकट आला. स्नबरचा फ्यूज उडाला तरी बाहेरून काही कळत नाही, सगळं नेहमीसारखंच चालतं. म्हणून दर शटडाउनला, अर्थिंग करून, कपॅसिटर डिस्चार्ज करून, मी तो फ्यूज स्वतः काढून मल्टिमीटर लावतो. काका अजून मला "चौथ्यांदा" म्हणूनच हाक मारतात.