सफोकच्या किनाऱ्यावर जाताय? या चुका टाळा

इंग्लंडच्या पूर्वेला, इप्सविचच्या पुढे, पाच खाड्या एकामागून एक समुद्राला मिळतात: स्टूर, ऑरवेल, डेबेन, आल्ड आणि ब्लाइथ. त्यांच्या मधल्या वाळूच्या उंचवट्यांवर हीथ पसरलं आहे, म्हणजे हेदर आणि गॉर्स या झुडपांची खुरटी माळरानं. या पट्ट्याला 1970 मध्ये कायद्याने संरक्षण मिळालं. लंडनहून एका दिवसात जाऊन येता येतं, म्हणून आपली बरीच मंडळी पाहुण्यांना घेऊन तिकडे जातात. जे पाहायला आलो ते न बघताच परतणारी कुटुंबं मी तिथे पाहिली आहेत. तसं होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

पहिली चूक म्हणजे नकाशावरच्या अंतरावर विसंबणं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा बॉडसीला गाडी लावली. समोरच, डेबेनच्या मुखापलीकडे, फेलिक्सस्टो फेरीची घरं दिसत होती. तिथे जेवायचं ठरवलं होतं, पण तर, म्हणजे खाडी ओलांडून नेणारी होडी, बंद होती. गाडीने जायचं तर खाडीच्या काठाने वर वुडब्रिजपर्यंत जाऊन दुसऱ्या काठाने परत खाली उतरावं लागतं. पूल झाले नव्हते तेव्हा आपल्या कोकणातल्या खाड्यांवर जी गत होती, तीच इथे आजही आहे. वॉल्बरस्विक आणि साउथवोल्डच्या मध्ये वल्ह्याची होडी चालते, पण ती हंगामी आहे आणि वारा बिघडला की थांबते. तिथे निदान थोडं वर चालत गेलं की पादचारी पूल आहे. बॉडसीला तोही नाही. म्हणून होडी चालू आहे की नाही हे घरून निघतानाच बघा.

दुसरी चूक ओहोटीला पक्षी बघायला जाण्याची. ओहोटीच्या वेळी खाडीचा चिखल उघडा पडतो आणि पक्षी खाण्यासाठी दूरवर पांगतात. दुर्बिणीतूनही ठिपकेच दिसतात. भरतीच्या तास-दोन तास आधी काठावर पोहोचलात तर चढतं पाणी त्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. एक बारकावा लक्षात ठेवा: भरतीच्या तक्त्यातली वेळ बहुधा मुखाची असते. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा येते.

त्या चिखलात पाऊल घालू नका. वरून तो घट्ट वाटतो, पण आत गुडघ्यापर्यंत ओढतो. पाय अडकलाच तर उभ्याने उपसायचा प्रयत्न केल्यावर दुसराही रुततो. मागे रेला, शक्य तितकं अंग पसरून वजन विभागा आणि पाय हळूहळू हलवत सोडवा. सुटत नसेल तर वेळ न दवडता 999 लावून कोस्टगार्डला बोलवा. सोबतच्यांनी धावत मदतीला जाऊ नये, तेही अडकतात.

आई-वडील भारतातून मे महिन्यात येतात आणि फोटोत पाहिलेला जांभळा माळ दाखवा म्हणतात. मेमध्ये तो जांभळा नसतो. हेदरचा मुख्य बहर ऑगस्टमध्ये येतो, साधारण आपलं कास फुलायला लागतं तेव्हा. पण मे वाया जातो असं मुळीच नाही. गॉर्स पिवळाधमक असतो. मिन्समीर पक्षी अभयारण्यातल्या बोरूच्या दाटीतून बिटर्न पक्ष्याचा घुमारा ऐकू येतो. तिथल्या उथळ पाण्यात ॲव्होसेट पिल्लं सांभाळत असतात. शंभरएक वर्षं हा पक्षी ब्रिटनमध्ये वीण करत नव्हता. दुसऱ्या महायुद्धात शत्रू उतरू नये म्हणून मिन्समीरच्या कुरणांत मुद्दाम पाणी सोडलं गेलं, आणि 1947 मध्ये त्याच पाणथळीत तो परत आला. ही गोष्ट पाहुण्यांना तिथे उभं राहून सांगा.

माळावर वाट सोडून फोटोसाठी हेदरमध्ये शिरणं, ही चूक मला सर्वांत जास्त खुपते. ते पडीक रान नाही. शतकानुशतकं मेंढ्यांनी चरून ते मोकळं राहिलं आहे, आणि आजही झाडोरा काढला नाही तर तिथे जंगल माजेल. आपला ओळखीचा रातवा, म्हणजे त्याचा युरोपीय भाऊबंद, तिथे उघड्या जमिनीवर अंडी घालतो. पाय पडेपर्यंत ती दिसत नाहीत. म्हणूनच अशा खुल्या जमिनीवर 1 मार्च ते 31 जुलै कुत्रा आखूड दोरीने बांधलेला ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. डिस्पोझेबल बार्बेक्यू तर नेऊच नका; उन्हाळ्यात एक ठिणगी पुरते.

वाट सोडली की ॲडरही भेटू शकतो. तो घोणशीच्या कुळातला, ब्रिटनचा एकमेव विषारी साप. चावलाच तर बांधू नका, कापू नका, चोखू नका. माणसाला शांत बसवून 999 लावा. घरी आल्यावर गुडघ्यामागे आणि मुलांच्या केसांच्या कडेला गोचीड तपासा. सापडल्यास बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा, आणि नंतरच्या आठवड्यांत लाल वर्तुळ पसरलं तर डॉक्टरांना दाखवा.

डनिचला कड्याच्या काठावर किंवा पायथ्याशी चटई अंथरू नका. कडे वाळूचे आहेत आणि पावसानंतर अचानक ढासळतात. मध्ययुगातलं हे भरभराटीचं बंदर 1286 च्या वादळापासून समुद्र गिळत आला आहे. ऑर्फर्ड नेसला जायचं तर होडीची जागा आधी राखून ठेवा आणि आखलेली वाटच धरा. लष्कराने तिथे अनेक दशकं चाचण्या केल्या, न फुटलेले बॉम्ब अजून जमिनीत आहेत.

गाडी नसेल तर डारशम स्टेशनवर उतरून मिन्समीरला चालत जायचा बेत मुलांसोबत करू नका, आठएक किलोमीटर पडतात. टॅक्सी आधी सांगून ठेवा, आणि जूनमध्ये गेलात तर परतीची उशिराची सांगा. सूर्य मावळल्यावर वेस्टलटनच्या माळावर वाटेवरच उभे राहा, टॉर्च बंद ठेवा. थोड्या वेळाने चरख्यासारखी एकसुरी घरघर सुरू होईल, तो रातवा.